एका गाण्याच्या पल्याडची पार्टी

आमच्या गावात शाहीर साबळे म्हटलं की एकच गाणं. एक मे असो, पंधरा ऑगस्ट असो, नाहीतर निवडून आलेल्या सरपंचाची मिरवणूक. कर्ण्यावर 'जय जय महाराष्ट्र माझा' ठरलेलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, १९६० च्या सुमाराचं गाणं. २०२३ साली तर ते राज्यगीतच झालं. असं गाणं एकदा गळ्याला चिकटलं की पुढचा धंदा सोपा असतो. लोक तेच मागतात, बिदागी त्याचीच मिळते. कितीतरी फड मी एकच वग जन्मभर ओढताना पाहिलेत.

साबळे वाईजवळच्या पसरणीचे, म्हंजे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांची पार्टी त्या एका गाण्यावर बसून राहिली नाही. 'यमराज्यात एक रात्र', मग 'आंधळं दळतंय' अशी मुक्तनाट्यं त्यांनी उभी केली. सांगाडा तमाशाचाच, पण 'आंधळं दळतंय'मधी मुंबईत मागं पडत चाललेल्या मराठी माणसाची परवड होती. हसवता हसवता चिमटा काढायचा, ही त्यांची खरी ताकद.

माझं भांडण आहे ते 'महाराष्ट्राची लोकधारा'शी. आणि प्रेमही तिच्यावरच. आमच्या घरी लगीन झालं की गोंधळ कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. चौक भरलेला, दिवटी पेटलेली, गोंधळी एकेका गावच्या देवाला नावानं हाक मारायचा. आमचं दैवत आलं की म्हातारी जागच्या जागी हात जोडायची. रंगमंचावर तो गोंधळ काही मिनिटांत उरकतो. पोतराजाचंही तसंच. दारात आसूड कडाडला की आम्ही पोरं आईच्या पदराआड. अन् आई मात्र सूप घेऊन पुढं, कारण त्याचं पोट त्या पसाभर जोंधळ्यावर. थेटरात आसूड कडाडला की टाळ्या. ते पोट काही रंगमंचावर येत नाही.

पण दुसरी बाजू नाकारून कसं चालेल? आमच्या गोंधळ्याचा पोरगा बापासंगं संबळ घेऊन निघायला लाजायचा. लोकधारा बघितली अन् गडी गणपतीच्या स्टेजवर संबळ लावून उभा राहिला. घरोघर मात्र तो कधीच गेला नाही.

केदार शिंदे, अंकुश चौधरी, भरत जाधव ही पोरंही ह्याच लोकधारेतनं वर आली. नंतर गॅदरिंगमधनं ज्या नकला निघाल्या त्यांची गोष्ट सोडा. त्यांनी धोतर-फेटा तेवढा उचलला.

साबळ्यांचा गळा कुणालाच उचलता आला नाही. नाथांचं 'विंचू चावला' त्यांच्या तोंडून ऐका. गाण्याआधी ती बोंब येते, रानात खरंच कुणाला डसल्यासारखी. आमच्याकडं ती रेकॉर्ड पहिल्यांदा वाजली तेव्हा शेजारची काकू कंदील घेऊन धावत आली होती.