दुरुस्ती की बदली? : जुन्या संगणकांच्या पाठचिकित्सेविषयी

यंत्र बिघडले म्हणजे ते दुरुस्त करावे की बिघडलेला भाग काढून नवा बसवावा, हा प्रश्न व्यवहारात खर्चाचा मानला जातो. परंतु यंत्राचे उपयोगमूल्य संपून ते संशोधनाचे साधन झाले, की हाच प्रश्न पुराव्याचा होतो. जुन्या संगणकांच्या बाबतीत हा भेद आपल्या विद्यापीठीय चर्चेत पुरेसा स्पष्ट झालेला दिसत नाही. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र तो शब्दांतच रूढ आहे. ‘कार्ड बदलणे’ निराळे आणि ‘चिप लेव्हल’ची दुरुस्ती निराळी. पहिलीत संपूर्ण कार्ड काढून टाकतात. दुसरीत त्यावरील एकच निकामी घटक हुडकून, डाख सोडवून, तेवढाच बदलतात.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही दुसरी रीत परिचित वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत संपादकांनी स्वकल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह कटाक्षाने आवरला. निर्णय निःसंशय नव्हता तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली आणि न स्वीकारलेले पाठभेद तळटीपांत राखले. हस्तक्षेप किमान असावा, तो उघड दिसावा आणि जे वगळले ते नष्ट होऊ नये, या तीन अटी जुन्या यंत्रालाही तंतोतंत लागू पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे दोन भिन्न वृत्तींची उदाहरणे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. युद्धकालीन कोलोसस यंत्रे युद्धानंतर मोडून टाकण्यात आली होती. टोनी सेल व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून अवशिष्ट छायाचित्रे व टिपणे यांच्या आधारे एका यंत्राची पुनर्रचना आरंभिली. २००७ मध्ये ती पूर्णत्वास गेली. ही पुनर्रचना विद्वत्तापूर्ण आहे. तथापि तिची जात भाष्याची आहे, मूळ पाठाची नव्हे. याउलट १९५१ साली कार्यान्वित झालेला हार्वेल डेकाट्रॉन संगणक १९७३ पर्यंत वापरात राहिला आणि २०१२ मध्ये मूळ सांगाड्यासह व मूळ नलिकांसह पुन्हा चालू झाला. येथे यंत्र स्वतः साक्ष देते. तेथे त्याच्याविषयीची साक्ष आपण ऐकतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बल नाही. मूळ भाग राखण्याचा हट्ट यंत्राच्या मुळावर येऊ शकतो. जुन्या मुख्य कार्डावरील निकेल-कॅडमियमची बॅटरी झिरपते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही असेच गळतात. हे भाग न काढणे म्हणजे कसर लागलेले पान पोथीत तसेच ठेवणे होय. म्हणून प्रश्न बदलावे की न बदलावे हा नसून, बदलताना काय नोंदवावे, हा आहे. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी विहिरीवरील जळालेली मोटार कोणी टाकून देत नाही. ती भरून आणतात. भरणारा कारागीर जुनी तार उलगडण्यापूर्वी तिचे वेढे मोजतो व जाडी पाहतो. तेवढी नोंद नसेल तर नवी तार निरुपयोगी ठरते. आपल्या ग्रंथालयांनी व विभागांनी या कारागिराकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

मराठीच्या अभ्यासकास या चर्चेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्डाचा प्रसार केला आणि सामान्य संगणकावर देवनागरी अवतरली. जोडाक्षरे सिद्ध करून पडद्यावर उमटविण्याचे काम ते कार्डच करीत असे. त्या काळचा मजकूर इस्की या संहितेतून आजच्या युनिकोडमध्ये उतरविता येतो, हे खरे. पण त्याने शब्द हाती येतात. लेखकाच्या डोळ्यांपुढे ते शब्द कोणत्या रूपात उभे होते, हे कळत नाही. ते केवळ चालते कार्डच दाखवू शकते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला आणि १९६२ मध्ये टिफ्रॅक हे नाव मिळालेला, सुमारे २७०० निर्वात नलिकांचा संगणक आज चालत नाही. त्याच्या बाबतीत आपणांस कोलोससचाच मार्ग उरला आहे. जिस्टच्या बाबतीत हार्वेलचा मार्ग अद्याप खुला आहे. परंतु भंगाराच्या लिलावात निघणाऱ्या प्रत्येक जुन्या संगणकागणिक तो अरुंद होत आहे. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी पेटी उघडून आत कोणते कार्ड आहे एवढे पाहणे, झिरपणारी बॅटरी काढणे आणि काढलेल्या भागाची नोंद यंत्रासोबत ठेवणे, यास अनुदानाची आवश्यकता नाही. हस्तलिखिताविषयी जी सावधगिरी आपण शिकलो व शिकवितो, तीच येथे बाळगली म्हणजे पुरे.