शंका आणि खोटी शिकवण : पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील पत्रव्यवहाराचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मपरंपरेत खोट्या शिकवणीविषयीची सावधगिरी प्रारंभापासून आढळते. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांचा इशारा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे, तर नव्या करारातील अनेक पत्रे मंडळीत शिरलेल्या चुकीच्या मतांना उत्तर म्हणूनच लिहिली गेली आहेत. इ.स. ३२५ मधील नायसियाची परिषद एरियसच्या मताचा निर्णय करण्यासाठी भरली. श्रद्धेचे रक्षण करणे हे चर्चने आपले कर्तव्य मानले आणि त्या कर्तव्याला शास्त्राधार आहे, हे मान्य करावे लागते. तथापि खोटी शिकवण ओळखायची कशी आणि ओळखल्यावर तिला उत्तर द्यायचे कसे, हे दोन प्रश्न इतिहासात वारंवार गुंतागुंतीचे ठरले. शंका घेणारा शिष्य आणि दिशाभूल करणारा शिक्षक यांना एकाच मापाने मोजले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

या दृष्टीने पंडिता रमाबाई यांचा १८८३ ते १८८६ या काळातील इंग्लंडमधील पत्रव्यवहार महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो. ही पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जतन व संकलित केली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. या पत्रांचा विचार बहुधा स्त्रीवादी किंवा वसाहतवादविरोधी भूमिकेतून झालेला आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. चर्चच्या एका प्रतिनिधीला जेव्हा आपल्या शिष्येच्या मनात चुकीचे मत रुजत असल्याची भीती वाटली, तेव्हा तिने ते कसे ओळखले, त्याला काय उत्तर दिले आणि ते उत्तर शास्त्राच्या निकषांवर कितपत टिकते, हा तो प्रश्न होय.

नव्या करारातील निकष

खोट्या शिकवणीसंबंधी नव्या करारात एकच एक सूत्र नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा करण्यास सांगितले आहे आणि येशू ख्रिस्त देहधारी होऊन आल्याची कबुली हा तिचा निकष मानला आहे. हा सिद्धांताचा निकष होय. मत्तयात झाड फळावरून ओळखावे असे म्हटले आहे. हा आचरणाचा निकष होय. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया येथील श्रोत्यांची प्रशंसा आहे, कारण पौलाचे म्हणणे खरे आहे की नाही हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत. म्हणजे खुद्द प्रेषिताची शिकवणही तपासून घेणे येथे दोषास्पद मानलेले नाही.

उत्तर देण्याच्या पद्धतीतही असाच विवेक दिसतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाची भाषा अत्यंत कठोर आहे. परंतु ही कठोरता शंका घेणाऱ्या नवशिष्यांवर नाही. नव्याने विश्वास स्वीकारलेल्या परराष्ट्रीयांवर सुंतेसारख्या जादा अटी लादणाऱ्या शिक्षकांवर ती आहे. याउलट अपुल्लोस हा वक्ता अपुरे ज्ञान असतानाही शिकवत होता. तेव्हा प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक स्पष्टपणे समजावून सांगितला. त्याची उघड निर्भर्त्सना झाली नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने शिक्षण देण्यास सांगितले आहे. शेतातील निदणाच्या दाखल्यात तर निदण उपटताना गहूही उपटला जाण्याचा धोका स्पष्ट केला आहे.

सारांश, नव्या करारात तीन प्रकारच्या व्यक्ती वेगळ्या केलेल्या दिसतात : जाणूनबुजून दिशाभूल करणारा शिक्षक, अपुऱ्या ज्ञानाने बोलणारा प्रामाणिक शिक्षक आणि शास्त्र तपासून पाहणारा श्रोता. पहिल्यास ठाम विरोध, दुसऱ्यास खासगीत अधिक शिक्षण आणि तिसऱ्यास उत्तेजन, असा प्रतिसादाचा क्रम आहे. रमाबाईंच्या बाबतीत हा भेद पाळला गेला काय, हे पुढे पाहावयाचे आहे.

मतभेदाची पार्श्वभूमी

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या वाँटेज येथील मठात त्यांची राहण्याची सोय झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. पुढे चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या आश्रयाने त्यांनी अध्ययन व अध्यापन केले.

हिंदू शास्त्रांचे अध्ययन केलेल्या आणि कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंना शास्त्रार्थाची परंपरा परिचयाची होती. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी त्याच वृत्तीने बायबल वाचण्यास आरंभ केला. १८८५ पर्यंत मतभेद उघड झाले. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांची पारंपरिक मांडणी त्यांना शास्त्रवचनांतून स्पष्टपणे सिद्ध होताना दिसत नव्हती. अथनेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेला मतांगीकार आणि त्यातील शापवाचक वाक्ये स्वीकारणे त्यांना कठीण वाटत होते. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आलो आहोत, एका विशिष्ट पंथाच्या सर्व नियमांना बांधील झालेलो नाही, अशी त्यांची भूमिका होती.

येथे एक ऐतिहासिक संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. हा मतांगीकार अथनेशियसने लिहिलेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर (इ.स. ३७३) बऱ्याच काळाने तो लॅटिन भाषेत रचला गेला, असे अभ्यासकांचे मत आहे. शिवाय त्यातील शापवाचक वाक्यांचे सक्तीचे पठण चालू ठेवावे की नाही, यावर १८७० च्या दशकाच्या प्रारंभी खुद्द चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तीव्र वाद झाला होता. म्हणजे ज्या विधानांविषयी इंग्रज धर्मगुरूंत एकमत नव्हते, त्यांविषयीची शंका हिंदुस्थानातून आलेल्या नवदीक्षित स्त्रीच्या मुखी मात्र बंडखोरी ठरत होती.

सिस्टर जेराल्डिन यांचे उत्तर

जेराल्डिन यांची चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही. नायसियाच्या परंपरेनुसार त्रैक्य हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. रमाबाई पुढे हिंदुस्थानातील स्त्रियांच्या शिक्षिका होणार होत्या. त्यांच्या मतातील उणीव अनेकांपर्यंत पोहोचेल ही भीती स्वाभाविक होती. त्यांच्या पत्रांत स्नेहही आहे. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ या मराठी संबोधनाने हाक मारीत आणि कडाक्याच्या वादातही हे संबोधन सुटलेले दिसत नाही. दोष हेतूत नसून पद्धतीत आहे. पत्रांचे वाचन करता या पद्धतीत तीन प्रकारची स्थलांतरे आढळतात.

पहिले स्थलांतर सिद्धांताकडून स्वभावाकडे होते. त्रैक्याविषयीच्या प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर देण्याऐवजी प्रश्नकर्तीच्या अहंकाराची चर्चा सुरू होते. एकदा शंका हा स्वभावदोष ठरला की तिला उत्तर देण्याची गरज उरत नाही. केवळ नम्रतेचा उपदेश पुरेसा होतो.

दुसरे स्थलांतर शास्त्राकडून अधिकाराकडे होते. रमाबाई वचनांचा अर्थ विचारतात, तेव्हा चर्चच्या आज्ञेत राहण्याचे महत्त्व सांगितले जाते. यावर रमाबाईंनी १२ मे १८८५ च्या पत्रात दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडात मान अडकवण्यास आपण तयार नाही, देवाचे वचन मान्य करू परंतु धर्माधिकाऱ्याच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानणार नाही, असा त्यांचा आशय आहे. बिरुयाच्या श्रोत्यांचीच ही भूमिका आहे.

तिसरे स्थलांतर श्रद्धेकडून रूढीकडे होते. रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि अंडी घातलेले पदार्थ त्यांनी वर्ज्य केले. यात जातीचा अभिमान शोधला गेला. क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजी आपल्या देशातील भाषेतील अक्षरे असावीत, ही त्यांची इच्छाही वादाचा विषय झाली. लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र का मानावी, हा त्यांचा प्रश्न धर्मसिद्धांताचा नव्हताच. तरीही अशा गोष्टी चुकीच्या मताची लक्षणे म्हणून मोजल्या गेल्या. गलतीच्या पत्राशी ताडून पाहता येथील विसंगती ठळक होते. नवशिष्यांवर दुसऱ्या समाजाच्या चालीरीती लादणे हीच त्या पत्रात खोटी शिकवण ठरली आहे.

मिस बील यांचे उत्तर

डोरोथिया बील याही चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धावान सदस्य होत्या आणि त्रैक्याचा सिद्धांत त्यांना मान्य होता. मतांत फरक नसूनही त्यांची पद्धती भिन्न होती. बील यांनी स्वतः श्रद्धेच्या संकटाचा काळ अनुभवला होता. रमाबाई ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केवळ ऐतिहासिक प्रकटीकरण म्हणून करू शकणार नाहीत, तो त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीलाही पटला पाहिजे, हे बील यांनी ओळखले आणि जेराल्डिन यांना कळवले. त्या रमाबाईंशी प्रत्यक्ष प्रश्नावर बोलतात, युक्तिवाद करतात, दृष्टांत देतात आणि मतभेद शिल्लक राहिले तरी संवाद तोडत नाहीत.

बील यांचे सर्व युक्तिवाद रमाबाईंना पटले असे नाही. पण दोन्ही पत्रमालिका शेजारी ठेवून वाचल्या असता रमाबाईंच्या लेखनातील फरक जाणवतो. अधिकाराच्या भाषेला उत्तर देताना त्यांची लेखणी धारदार होते आणि भूमिका अधिक ताठर बनते. बील यांना लिहिताना मात्र त्या आपली अडचण सविस्तर मांडतात व आपल्याला काय समजले नाही हेही सांगतात. चुकीच्या मताला मिळणारे उत्तर त्या मताचे पुढील रूप घडवीत असते, हे यातून स्पष्ट होते. बील यांची वृत्ती प्रिस्किल्लेच्या वृत्तीशी जुळणारी आहे.

बील यांच्या प्रयत्नांना मर्यादाही पडल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे या कल्पनेला हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत हाही तंट्याचा मुद्दा झाला आणि आईचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. ज्यांच्या आश्रयावर त्या अवलंबून होत्या त्यांच्याशीच हा वाद चालला होता, हे विसरून चालणार नाही. आश्रयदात्याशी असहमत होण्याचे धैर्य हेही प्रामाणिकपणाचे एक प्रमाण मानता येते.

उत्तरकाळाची साक्ष

फळांच्या निकषावर या प्रकरणाची परीक्षा करण्यास रमाबाईंचा उत्तरकाळ पुरेसा आहे. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली सदनातील मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एकीकडे रमाबाई पुरेशा सनातनी ख्रिस्ती नाहीत आणि दुसरीकडे त्या अति ख्रिस्ती आहेत, अशा दोन विरुद्ध आक्षेपांना त्यांना तोंड द्यावे लागले.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आलेल्या आध्यात्मिक परिवर्तनाचा वृत्तान्त दिला आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता परंतु त्याचे जीवन असलेला ख्रिस्त तेव्हा मिळाला, असा त्या निवेदनाचा भाव आहे. पूर्वकाळातील शंकांविषयी लिहिताना फादर नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचे ऋणही त्यांनी मान्य केले आहे. ज्या श्रद्धेकडे आज्ञा त्यांना नेऊ शकली नाही, तिच्याकडे त्या शोध घेत पोहोचल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले व हे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. शास्त्र स्वतः तपासण्याचा जो हक्क १८८५ साली अहंकार ठरला होता, तोच त्यांनी अल्पशिक्षित मराठी स्त्रीच्या हाती दिला.

निष्कर्ष

१. खोट्या शिकवणीची ओळख ही शास्त्रसंमत जबाबदारी आहे. मात्र तिच्या पहिल्या पायरीवर शंका विचारणारा आणि दिशाभूल करणारा यांत भेद केला पाहिजे. रमाबाईंच्या बाबतीत हा भेद पुरेसा पाळला गेला नाही.

२. सिद्धांताच्या प्रश्नाला स्वभावदोष, संस्थेचा अधिकार किंवा चालीरीती यांच्या आधारे दिलेले उत्तर हे उत्तर ठरत नाही. त्यामुळे चूक दुरुस्त होत नाही आणि खरी शंकाही अनुत्तरित राहते.

३. सिद्धांतावर ठाम राहूनही सौम्यतेने, प्रत्यक्ष प्रश्नाला धरून आणि दीर्घकाळ संवाद करता येतो, हे बील यांच्या पत्रांवरून सिद्ध होते. दृढता आणि सौम्यता यांत विरोध नाही.

४. परीक्षेला नकार देणे हे खोट्या शिकवणीचे विश्वसनीय लक्षण मानता येईल. सत्य शिकवण प्रश्नांना भीत नाही. या निकषावर शिष्याप्रमाणेच गुरूची आणि संस्थेचीही परीक्षा होते.

मतभेदांनंतरही सिस्टर जेराल्डिन यांनी ही पत्रे नष्ट केली नाहीत. आपल्याविरुद्ध जाणारी साक्ष त्यांनीच पुढील पिढ्यांच्या हाती ठेवली, ही बाब त्यांच्या प्रामाणिकपणाला साजेशीच म्हणावी लागेल. आजही मंडळ्यांत नव्या शिकवणींविषयी वाद होतात आणि प्रश्न विचारणाऱ्यांवर शिक्के मारले जातात. अशा वेळी निदणाला हात घालण्यापूर्वी हातात गहू तर येत नाही ना, हे पाहण्याची शिकवण या पत्रव्यवहारातून मिळते.