‘साधेपणा’ या संज्ञेचा वापर : हालींच्या ‘सादगी’च्या संदर्भात

मराठीच्या अध्यापनात आणि उत्तरपत्रिकांत ‘कवीची भाषा साधी, सोपी व सरळ आहे’ हे विधान इतके रुळले आहे की ते कोणत्याही कवीला लावता येते. सर्वांनाच लागू पडणारे विधान कोणाविषयीच काही सांगत नाही. वस्तुतः या तीन शब्दांनी तीन निरनिराळे गुण सूचित होतात. ‘साधा’ म्हणजे सजावट नसलेला, ‘सोपा’ म्हणजे वाचकाला विशेष श्रमाविना कळणारा आणि ‘सरळ’ म्हणजे रचनेत वळणे नसलेला. हा भेद का महत्त्वाचा आहे, हे उर्दू समीक्षेतील एका प्रसिद्ध विवेचनावरून ध्यानात येते.

ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) यांचा ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ १८९३ मध्ये त्यांच्या दीवानाची प्रस्तावना म्हणून प्रसिद्ध झाला. इंग्रजीतून उर्दूत आलेल्या भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम हाली यांनी लाहोरला केले होते. उत्तम काव्याचे सादगी, असलियत आणि जोश हे तीन गुण त्यांनी मिल्टनच्या आधारे सांगितले. मिल्टनचे मूळ विधान मात्र त्याच्या १६४४ मधील शिक्षणविषयक निबंधात येते. तेथे अभ्यासक्रमाचा विचार चालला असून, वक्तृत्वशास्त्राच्या मानाने काव्य कमी सूक्ष्म, परंतु अधिक साधे, इंद्रियगम्य व भावनाप्रधान असते, असे तो म्हणतो. म्हणजे मुळातले ‘साधे’ हे तुलनेतले ‘साधे’ आहे. हाली यांच्याकडे येताना तुलना गळून पडली आणि साधेपणा ही काव्याची अट बनली. ‘इंद्रियगम्य’ या गुणाच्या जागीही ‘असलियत’, म्हणजे वास्तवता, आली.

या बदलामागे कारण होते. १८५७ नंतरच्या काळात सांकेतिक व अतिशयोक्त गझलेपासून उर्दू काव्याला सोडवणे हाली यांना निकडीचे वाटत होते. त्यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की सादगी ही सापेक्ष बाब आहे, याची जाणीव त्यांना होती. विद्वानाला साधा वाटणारा शेर सामान्य माणसाला उमगेलच असे नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. परंतु सादगी केवळ शब्दांची नसून विचारांचीही असावी, हा त्यांचा आग्रह अडचणीचा आहे. तो काटेकोरपणे पाळला, तर ज्यांचे चरित्र त्यांनी ‘यादगार-ए-गालिब’ (१८९७) मध्ये आदराने लिहिले, त्या आपल्या उस्तादांचेच कितीतरी काव्य बाद ठरेल.

या प्रश्नाचे उत्तर उर्दू-फारसी काव्यशास्त्रात पूर्वीपासून आहे. ‘सहल-ए-मुम्तना’ म्हणजे ऐकताना अगदी सोपा वाटणारा, पण तसाच रचू गेल्यास न साधणारा शेर. या संज्ञेत शब्दांचा साधेपणा आणि निर्मितीतील अवघडपणा एकत्र नांदतात. साधेपणा हा कमी श्रमाचा पुरावा नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

मराठीतील उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे घेता येईल. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्या निरक्षर होत्या आणि त्यांचे आयुष्य शेतीच्या कष्टात गेले, एवढ्यावरून त्यांची भाषाही साधी ठरवली जाते. येथे ‘साधी राहणी’चा नैतिक गौरव भाषेच्या मूल्यमापनात नकळत शिरतो, आणि मग प्रतिमा, लय, विचार यांची तपासणी राहूनच जाते. शिवाय खानदेशी बोलीतली ही गाणी बेळगावच्या किंवा घरी दखनी बोलणाऱ्या हैदराबादच्या विद्यार्थ्याला सोपी नाहीत. अशा विद्यार्थ्याला ‘हे तर साधेच आहे’ असे सांगितले, की न कळण्याचा दोष तो स्वतःकडे घेतो आणि प्रश्न विचारणे सोडतो. शब्दाच्या सैल वापराची ही किंमत वर्गात मोजावी लागते.

म्हणून ‘भाषा साधी आहे’ असे लिहिताना वा लिहवून घेताना दोन प्रश्नांची उत्तरे मागावीत : कोणाच्या दृष्टीने साधी, आणि कशाच्या तुलनेत साधी? विद्यार्थ्याने कवितेतील एखादी ओळ पुढे ठेवून त्यांची उत्तरे दिली, तर त्या विशेषणाला गुण द्यावेत. एरवी ते उत्तरातून वगळण्यास सांगावे.