तुलना नेमकी कोणाशी? कॉमन कोअरवरचा एक अभ्यास वाचताना

अमेरिकेत शाळेत काय शिकवायचं ते राज्य ठरवतं. त्यामुळे चौथीच्या मुलाला किती गणित यायला हवं, याचं उत्तर राज्यागणिक वेगळं असायचं. जून २०१० मध्ये इंग्रजी आणि गणितासाठी 'कॉमन कोअर' ही सामायिक मानकं आली आणि चाळीसहून जास्त राज्यांनी ती स्वीकारली. मग मुलांचं शिक्षण सुधारलं का?

मेंगली साँग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेला अभ्यास म्हणतो, नाही. एनएईपी या राष्ट्रीय चाचणीत चौथीचं वाचन आणि आठवीचं गणित उलट किंचित घसरलं. घट लहान आहे, हे ते स्वतःच सांगतात. पण बाहेर चर्चेत यातून थेट 'कॉमन कोअर फसलं' असा निकाल लागतो. तो लावण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, तुलनागट. बहुतेक राज्यं एकदमच बदलली, मग कंट्रोल आणणार कुठून? संशोधकांनी शक्कल चांगली लढवली: जिथे जुनी मानकं कच्ची होती ती राज्यं एका बाजूला, जिथे आधीच पक्की होती ती दुसऱ्या बाजूला. म्हणजे अभ्यास सांगतो ते इतकंच, की मोठा बदल झाला तिथे छोट्या बदलापेक्षा वेगळं काय घडलं. 'मानकं नसती तर काय झालं असतं?' हा प्रश्न वेगळा आहे.

दुसरी, घड्याळ कधी सुरू केलं? इथे ते मानकं स्वीकारल्यापासून धरलंय. पण मानकांवर बेतलेल्या नव्या सामायिक परीक्षा मोठ्या प्रमाणावर आल्या २०१४-१५ मध्ये. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली म्हणजे पेशंटच्या पोटात गोळी गेली असं होत नाही. वर्गात काय बदललं, हे राज्य पातळीच्या सरासरीत दिसत नाही.

तिसरी, मोजपट्टी. एनएईपी कॉमन कोअरसाठी बनवलेली नाही. चौथीच्या चाचणीत माहितीच्या विश्लेषणावर प्रश्न असतात; कॉमन कोअरमध्ये संख्याशास्त्राचा मुख्य भाग सहावीपासून येतो.

माझ्या मते या अभ्यासातून 'अपेक्षित मोठी सुधारणा दिसली नाही' असं ठामपणे म्हणता येतं. 'मानकांनी मुलांचं नुकसान केलं' हे मात्र इतक्या पुराव्यावर म्हणू नये.

हे आपल्यालाही लागू आहे. एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती २०१७ मध्ये आल्या आणि त्याच वर्षीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण त्यांवर बेतलेलं होतं. यावर प्रबंध करायचा विचार असेल, तर शीर्षक ठरवण्याआधी एका कागदावर लिहून काढा: तुलना कोणाशी, सुरुवात कधीपासून, मोजायचं कशाने. पहिल्याचंच उत्तर सुचत नसेल तर गाईडकडे जाण्याआधी प्रश्न बदला.