वापरलेल्या आयात मोटारींची चाचणी : धोरणातील अटींचे चिकित्सक वाचन

शासकीय अटींचा मसुदा हा समीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. तथापि आयात धोरणाच्या ८७ व्या प्रकरणातील, वापरलेल्या वाहनांविषयीच्या अटी सावेडीतील वाचकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचाव्यात. त्यांत आपल्या नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव आहे.

२००१ साली आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतरच्या काळातील या अटींनुसार मोटार निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. जहाजावर चढण्यापूर्वीचे एक प्रमाणपत्र, मूळ मान्यतेशी मेळ दर्शविणारे दुसरे, आणि बंदरात उतरल्यावर, सीमाशुल्कातून सुटण्यापूर्वी, पुन्हा चाचणी. या चाचणीसाठी नगरची व्हीआरडीई, पुण्याची एआरएआय व मध्य प्रदेशातील बुदनीची कृषियंत्र संस्था यांचा नामोल्लेख आहे. मोटार गोदीत आणि नगरचा परीक्षक सुमारे अडीचशे किलोमीटरवर!

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ हा नमुना-वाहनाच्या चाचणीचा आहे. एक नमुना उत्तीर्ण झाला की त्या जातीची हजारो वाहने मान्य, हा तर्क नव्या वाहनांना शोभतो. कारखान्यातून निघताना ती सारखीच असतात. वापरलेल्या मोटारीत हे सारखेपण संपलेले असते. एकीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झालेला असेल, दुसरीची चासी अपघातानंतर सरळ केलेली असेल. मूळ मान्यतेचे प्रमाणपत्र मोटारीचा जन्म सांगते, प्रकृती नव्हे. वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, असे अटी बजावतात; मोटार किती किलोमीटर धावली, हे मात्र विचारीत नाहीत.

नोंदणीनंतरची पीयूसी तपासणीही ही उणीव भरून काढीत नाही. पेट्रोल मोटारीबाबत ती इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्या कक्षेबाहेरच राहतात. ती पकडण्यासाठी मोटार डायनॅमोमीटरवर ठरावीक चालनचक्रातून न्यावी लागते.

मग या अटी रस्त्याचे रक्षण करतात की देशी उद्योगाचे? आमच्या मते दुसऱ्याचेच अधिक, आणि त्यात गैर काही नाही. पण तसे असेल तर सुरक्षिततेची भाषा कशासाठी? केनियातही वाहतूक डावीकडूनच चालते. तेथे मर्यादा आठ वर्षांची असून जपानी जुन्या मोटारी मोठ्या संख्येने उतरतात.