सारसबाग : नांव आणि तळें

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं असलेल्या सारसबागेविषयीं दोन समज वारंवार कानीं येतात. एक, तेथें सारस पक्षी असत म्हणून हें नांव पडलें. दुसरा, मंदिराभोंवतींचें आजचें कमळकुंड हेंच पेशवेकालीन तळें होय. पहिला समज अपुरा असून दुसरा चुकीचा आहे.

प्रथम नांव पाहूं. सारस हा शब्द संस्कृतांत सरस् म्हणजे तळें यापासून अण् प्रत्ययानें सिद्ध होतो. 'तळ्याचा, तळ्यांतील' हा त्याचा मूळ अर्थ. पक्षी हा रूढार्थ. नपुंसकलिंगीं तोच शब्द कमळवाचकहि आहे. तेव्हां पक्ष्यांची, कमळांची किंवा केवळ तळ्यांतली बाग, असे तिन्ही विग्रह संभवतात. व्याकरणाची धांव येथवरच. नांव ठेवणाराच्या मनांतील अर्थ समकालीन कागदच सांगूं शकेल. मात्र तिन्ही अर्थांस पाणी अवश्य आहे.

आतां तळें. नानासाहेब पेशव्यांनीं आपल्या कारकीर्दींत (१७४०-१७६१) आंबिल ओढ्याचें पाणी अडवून पर्वतीखालीं विस्तीर्ण तळें करविलें व त्यांत बेट राखिलें. त्या बेटावर १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं सिद्धिविनायकाची स्थापना केली. 'तळ्यांतला गणपति' हें लोकांच्या तोंडचें नांव त्या स्थितीची उघड साक्ष देतें. पुढें तळें आटविलें गेलें व त्या जागीं सार्वजनिक उद्यान झालें. म्हणजे आज झाडांच्या सावलींतून मंदिराभोंवतीं फेरी घालणारा मनुष्य तळ्याच्या कांठानें चालत नाहीं. तो तळ्याच्या तळावरून चालतो. जवळचें कुंड जुन्या विस्ताराचें केवळ स्मरण आहे.

हा शब्दच्छल नव्हे. जुन्या दफ्तरांत तळ्याचा कांठ, बांध अथवा पाट यांचा उल्लेख आढळल्यास तो आजच्या फिरण्याच्या वाटेवर बसविणें म्हणजे स्थलनिर्णय मुळापासून बिघडविणें होय.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, या बागेचा उल्लेख असलेला कागद हातीं आल्यास नांवाचें लेखन अक्षरशः उतरून घ्यावें. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाहीं, पण काना लिहिला जातो. म्हणून 'सरस' कीं 'सारस' हें मूळ पत्र पाहूनच सांगावें, छापील नकलेवरून नव्हे.

— ताडकळस, जि. परभणी