हेपॅरिनेज: कोणतं, ते आधी विचारा

‘जिवाणूंचं एन्झाइम कॅन्सरचा रक्तपुरवठा तोडतं’ अशा अर्थाचं वाक्य तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. त्यासाठी बऱ्याचदा १९९४ चा ‘पीएनएएस’मधला शोधनिबंध दाखवला जातो, राम शशिसेखरन, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांचा. निबंध चांगलाच आहे. माझी तक्रार तो अर्धाच वाचणाऱ्यांबद्दल आहे.

आधी एन्झाइम, म्हणजे विकर, समजून घेऊ. अर्धापूरच्या केळीवाल्यांना कंदकूज काय असते ते सांगायला नको. तिथं जिवाणू पेक्टिन ही गुंतागुंतीची साखर तोडतात, पेशींना धरून ठेवणारा चिकटा सुटतो आणि कंद सडतो. मातीतला पेडोबॅक्टर हेपॅरिनस हेच तंत्र हेपॅरिन आणि हेपॅरन सल्फेटवर वापरतो. पाण्याचा रेणू न वापरता साखळी तुटते, तुटल्या टोकाला दुहेरी बंध उरतो. तो २३२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, म्हणून तर आम्हाला हे मोजता येतं.

हेपॅरन सल्फेट आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही असतं. एफजीएफ-२ नावाचं प्रथिन त्याच्याच आधारानं नव्या रक्तवाहिनीचा निरोप पेशीला देतं. आधार तोडला की निरोप अडतो. निबंधात कोंबडीच्या भ्रूणाच्या पडद्यावर हेच दिसलं: हेपॅरिनेज १ आणि ३ नं नव्या रक्तवाहिन्या रोखल्या. २ नं नाही! नेमकी ही ओळ लोक गाळतात. तिन्ही एकाच जिवाणूची, तिन्ही कमी-अधिक ह्याच साखळ्या तोडणारी. मग ‘साखर तोडली की झालं’ हे स्पष्टीकरण तिथंच लंगडं पडत नाही का?

शिवाय भ्रूणाचा पडदा म्हणजे गाठ नव्हे. २००२ मध्ये शशिसेखरन यांच्याच गटानं उंदरांतल्या गाठींवर प्रयोग केले, तेव्हा हेपॅरिनेज ३ मुळं गाठ दबली, १ मुळं उलट वाढली. १ जास्त सल्फेट असलेल्या भागात कापतं, ३ कमी सल्फेटच्या भागात. त्यामुळं सुटणारे तुकडे वेगळे, आणि ते तुकडे गप्प बसत नाहीत; गाठीच्या वाढीवर परिणाम त्यांचाच होतो. आपल्या शरीरातलं हेपॅरनेज (नावातला फरक बघा) तर हीच साखर तोडून अडकलेला एफजीएफ-२ मोकळा करतं आणि रक्तवाहिन्या वाढायला मदतच करतं.

त्यामुळं सेमिनारमध्ये कुणी नुसतं ‘हेपॅरिनेज वापरलं’ म्हणालं, तर विचारा: कितवं? आणि सुटलेले तुकडे धुऊन काढले, की तसेच राहू दिले?